सेवामंडळाची सूत्रं हाती घेताना: खांदेपालटाच्या वर्षाचा क्रम

खांदेपालटाचं वर्ष बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. जूनअखेर निवड होते. जुलैच्या पहिल्या रविवारी धो-धो पावसात पदग्रहण, हारतुरे, आणि त्याच व्यासपीठावरून पाच नव्या उपक्रमांची घोषणा. मग लावणी, मग श्रावण, मग गणपती. त्यानंतर कुणीतरी चेक घेऊन बँकेत जातं तेव्हा कळतं की सह्या अजून जुन्याच आहेत, ओटीपी जुन्या खजिनदारांच्या मोबाईलवर जातो आणि ते मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेत. घोषणेतल्या पाचांपैकी एकही उपक्रम सुरू झालेला नसतो, आणि आधीचे चालू असलेले दोन बंद पडलेले असतात.

पुढचा क्रम कोकणात तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या गावात काम करणाऱ्या, तीस ते ऐंशी सभासदांच्या नोंदणीकृत सेवामंडळासाठी आहे. रक्तदान, रुग्णसाहित्य, शाळांना मदत, उन्हाळ्यात पाणी, पावसाळ्यात आपत्तीतली धावपळ असा ज्याचा पसारा असतो ते. रोटरी किंवा लायन्सशी जोडलेल्या क्लबलाही तो लागू पडतो, फक्त त्यांच्या वरच्या कार्यालयाचे अहवाल वेगळे. आधी ताबा, मग मोजणी, मग निर्णय, घोषणा सगळ्यात शेवटी. यातली एक पायरी पुढेमागे झाली की पुढचे सहा महिने निस्तरण्यात जातात.

१. तारखा: तीन वर्षं एकाच कागदावर (फेब्रुवारी-एप्रिल)

मंडळाची वर्षं तीन असतात. हिशोबाचं १ एप्रिल ते ३१ मार्च. रोटरी-लायन्सचं १ जुलै ते ३० जून. आणि तिसरं गावाचं, जे कुठल्याही घटनेत लिहिलेलं नसतं पण सगळ्यांवर हुकूमत त्याचीच चालते. मोठ्या पुठ्ठ्यावर बारा महिन्यांचे चौकोन आखा आणि तिन्ही वर्षं वेगवेगळ्या रंगांत भरा.

गावाचं वर्ष भरताना शेतकरी, बागायतदार आणि मच्छीमार सभासद वेगवेगळे धरा. मार्चमध्ये शिमगा, पालखी घरी यायची असताना सभेला कुणी येत नाही. एप्रिल-मे आंब्याचा, बागायतदार रात्री उशिरापर्यंत पेट्या भरत असतो. जुलैत आतल्या गावांत लावणी, त्याच वेळी बंदरपट्टीतला माणूस मात्र मोकळा, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमा झाली की तो समुद्रावर आणि ऑक्टोबरात शेतकरी कापणीत. दोघेही हाताला लागतील असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही जत्रा वगळून. म्हणजे वर्षाचं खरं काम होतं चारच महिने. पुठ्ठा भरल्यावर हे डोळ्यांना दिसतं आणि पाच उपक्रमांचा मोह आपोआप उतरतो.

सावधान: मागच्या वर्षीच्या तारखा उचलून ठेवू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक. 'सप्टेंबरचा दुसरा रविवार' असं ठरवून बसलेली सभा गणपतीच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या दिवशी.

२. आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, किल्ल्या (१५ मेपर्यंत)

हा टप्पा बहुतेक मंडळं गाळतात, कारण निवडच अजून झालेली नसते. पण तारखा बघा. तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं मे २०२१ च्या मध्याला. निसर्ग आलं ३ जून २०२० ला. चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ चा. म्हणजे जुनी मंडळी 'आता आमचं काय' म्हणत असतात आणि नवी 'अजून आमच्याकडे आलं नाही' म्हणत असतात, नेमक्या त्या दोन महिन्यांत कोकणावर संकट येतं. म्हणून आपत्तीच्या साहित्याचा ताबा पदग्रहणाची वाट न बघता घरात माळ्यावर बेगमी चढते तेव्हाच द्यायचा.

निवड झाली असो वा नसो, पावसाळ्यापुरती दोन माणसं ठरवा. दोघंही गावातच राहणारी, एक बाजारपेठेतला आणि एक वरच्या वाडीतला, म्हणजे पूल पाण्याखाली गेला तरी एकाकडे तरी किल्ली असेल. मग कपाट, खोली किंवा मांगर (सामान ठेवायची खोपी), जिथं साहित्य असेल तिथं जाऊन प्रत्यक्ष बघा:

– ताडपत्र्या उलगडून उन्हात धरा. घडीवर चिरा असतील तर प्रकाश आरपार दिसतो. उंदरांनी कोपरे कुरतडलेले असतात, तिथल्या रिंगा निघतात.
– फावडी, घमेली, कोयते, दोर. फावड्याचा दांडा हलतो का बघा. पुरानंतर घरातला गाळ काढताना पहिल्या तासात तोच निसटतो.
– झाड कापायचं कटर असेल तर सुरू करून बघा. वर्षभर टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलने ते सुरू होत नाही. टाकी रिकामी करून नवं भरा, चेनला तेल घाला.
– टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर मागच्या वर्षीची असेल तर तिच्यावर भरवसा नको, दमट हवेत तिचा जोर जातो. ग्रामपंचायतीकडून ताजी घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
– वाडीवार फोनयादी कागदावर, दोन प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत. वादळात वीज आणि मोबाईल दोन्ही गेले की फोनमधली यादी फोनसकट निरुपयोगी.
– पाच ते दहा हजार रुपये रोख, एकाच माणसाच्या नावे ठरावाने दिलेले. नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही आणि दुकानदाराला क्यूआर दाखवून डिझेल मिळत नाही.

सावधान: लेप्टोच्या (पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) भीतीने गोळ्या वाटण्याची घाई मंडळाने करू नये. त्या कुणाला, किती द्यायच्या ते आरोग्य विभागाने ठरवायचं. मंडळाने त्यांना गाडी आणि माणसं द्यावीत.

३. सभा आणि निवड (मेचा दुसरा पंधरवडा)

निवडीची सर्वसाधारण सभा मेमध्ये घेतलेली बरी. चाकरमानी आलेले असतात, पाऊस लागलेला नसतो. गणपतीत घ्यायचीच झाली तर गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी दहा ते बारा. रात्री भजनं आणि आरत्या असतात, आणि गौरीपूजनाच्या दिवशी ओवशामुळे (सुवासिनी गौरीपुढे सुपं ओवाळतात त्या विधीमुळे) महिला सभासद येऊ शकत नाहीत. महिला येऊ शकत नाहीत अशा दिवशी सभा घेऊन 'महिलांचा सहभाग वाढवला पाहिजे' असा ठराव करणारी मंडळं आहेत.

आता कागद. आधी मंडळाची नोंदणीकृत घटना शोधा, कपाटातली झेरॉक्स चालणार नाही. वाटेत कुणी तरी पान बदललेलं असतं किंवा दुरुस्ती नोंदवलेलीच नसते. धर्मादाय कार्यालयातून साक्षांकित प्रत काढा. तीत चार गोष्टी अधोरेखित करा: सभेच्या नोटिशीचे दिवस, नोटीस कशी द्यायची, गणपूर्ती किती, आणि कार्यकारिणीची मुदत.

नोटीस घटनेत लिहिल्याप्रमाणेच जायला हवी. घटनेत 'पोस्टाने किंवा समक्ष' असेल तर व्हॉट्सॲपवर टाकलेली नोटीस ही नोटीस नव्हे. ग्रुपवर टाकाच, पण सोबत नोटीसवही फिरवून सह्या घ्या आणि मुंबई-पुण्याच्या सभासदांना पोस्टाने पाठवून पावत्या जपून ठेवा. पुढे हीच वही आणि याच पावत्या धर्मादाय कार्यालयात मागतात.

गणपूर्तीचा घोळ सभासदयादीतून सुरू होतो. समजा यादीवर साठ नावं आहेत, वर्गणी अडतीस जणांची आली आहे आणि सभेला येतात चौदा. गणपूर्ती साठावर मोजायची की अडतीसावर, हे घटना सांगते. मनाने ठरवायचं नाही. थकबाकीदाराचं सभासदत्व आपोआप जातं असं घटनेत नसेल तर त्याला रीतसर नोटीस द्यावी लागते, तोवर तो साठातच. वारलेल्यांची नावं मात्र आधीच्याच कार्यकारिणी सभेत ठराव करून कमी करा.

तपासणी: सभा संपल्यावर, चहा यायच्या आत इतिवृत्तात हे आहे का बघा: सभेची तारीख, वेळ, ठिकाण, हजेरी सह्यांसह, प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक, निवडलेल्यांची पूर्ण नावं, आणि नवी कार्यकारिणी कोणत्या तारखेपासून काम बघेल ती तारीख. ही शेवटची ओळ विसरली की पुढच्या टप्प्यात गाडी अडते. नव्यांची संमतीपत्रं आणि जाणाऱ्यांची ना हरकत पत्रं त्याच टेबलावर सह्या करून घ्या. दुसऱ्या दिवशी अर्धी माणसं दादर गाडीत असतात.

४. बदल अर्ज आणि बँक (निवडीपासून नव्वद दिवस)

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये, म्हणजे कार्यकारिणीत, झालेला बदल धर्मादाय कार्यालयाला नव्वद दिवसांत कळवायचा असतो. यालाच सगळे 'बदल अर्ज' म्हणतात. नव्वद दिवस कुठून मोजायचे यावर वाद घालत बसू नका, निवडीच्या तारखेपासूनच मोजा. १७ मेला निवड झाली तर नव्वदावा दिवस १५ ऑगस्ट, म्हणजे सुट्टी. अर्ज जुलैतच गेला पाहिजे. मुदत टळली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि उशिराचं कारण द्यावं लागतं. 'पाऊस होता' हे कारण कोकणातल्या कार्यालयाने बरेचदा ऐकलेलं असतं.

अर्जासोबत साधारण लागतात: नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, संमतीपत्रं, राजीनामे किंवा ना हरकत पत्रं, वारलेल्यांचे मृत्यूदाखले, प्रतिज्ञापत्र. मागचा बदल अर्ज मंजूर झालाय का, हे याच वेळी बघून घ्या. कित्येक मंडळांचे दोन-तीन जुने अर्ज प्रलंबित असतात आणि कागदोपत्री विश्वस्त म्हणून दहा वर्षांपूर्वीचीच माणसं असतात. तसं असेल तर आधी जुने मार्गी लावावे लागतात. वकिलाला 'नवा अर्ज घाला' म्हणून मोकळं होऊ नका, प्रलंबितांची यादी मागा.

बँकेत अर्ज मंजूर होण्याची वाट बघायला लावतात की ठराव आणि केवायसीवर सह्या बदलून देतात, हे शाखेवर आहे. मेमध्येच शाखेत जाऊन विचारा आणि लेखी यादी घ्या. मग:

– तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन, अशी रचना ठेवा आणि तिघांपैकी दोघं बारमाही तालुक्यात राहणारे असू द्या. 'मुंबईचे खजिनदार' ही व्यवस्था प्रतिष्ठेची असते, पण चेकवर सही हवी तेव्हा उपयोगाची नसते.
– खात्याचा मोबाईल आणि ईमेल बदला. शक्यतो मंडळाच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या, ते माणसाबरोबर न जाता पदाबरोबर जाईल. प्राप्तिकर पोर्टलवरचा संपर्क आणि पासवर्डही त्यातच. हा बहुधा सीएच्या कार्यालयातल्या एखाद्या मुलाकडे असतो आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो.
– देणगीचा क्यूआर मंडळाच्या खात्याचाच आहे ना, स्वतः दहा रुपये पाठवून बघा. जुन्या फलकांवर, रुग्णसाहित्य केंद्राच्या भिंतीवर कुणाच्या तरी खासगी नंबरचा क्यूआर चिकटलेला असतो.

सावधान: जुने सह्या करणारे नव्यांच्या सह्या लागेपर्यंत मोकळे होत नाहीत, हे त्यांना आधीच सांगा. मधल्या काळात कोरे चेक सही करून घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. देऊही नका.

५. मोजणी (जुलै-ऑगस्ट)

या दोन महिन्यांत एकही नवी गोष्ट सुरू करू नका. चालू आहे ते चालू ठेवा आणि मोजा. पाऊस, लावणी, सण यांत नाहीतरी दुसरं काही उभं राहत नाही, मोजणी मात्र छपराखाली बसून होते.

सगळ्यात जास्त गफलत, रुग्णसाहित्य वापरायला देताना घेतलेल्या डिपॉझिटमध्ये असते, म्हणून तिथे वेळ द्या. डिपॉझिट हे मंडळाचं उत्पन्न नाही, परत द्यायचे पैसे आहेत. नोंदवही उघडा आणि परत न आलेल्या वस्तूंची यादी काढा. समजा बाहेर आहेत: व्हीलचेअर १४, प्रत्येकी १,५०० प्रमाणे २१,०००; फाऊलर कॉट (हँडलने वरखाली होणारी रुग्णाची खाट) ९, प्रत्येकी ३,००० प्रमाणे २७,०००; वॉकर ११, प्रत्येकी ३०० प्रमाणे ३,३००. एकूण ५१,३०० रुपये मंडळाकडे असायलाच हवेत. खात्यात डिपॉझिटपोटी दिसतात ३८,०००. उरलेले १३,३०० कुठे गेले?

चोरी क्वचित असते. बहुतेक वेळा एखाद्या शिबिराला पैसे कमी पडले म्हणून 'तात्पुरते' उचललेले असतात. दुसरं कारण असं: पेशंट वारतो, घरचे कॉट परत आणून देतात आणि म्हणतात, राहू दे डिपॉझिट, देणगी समजा. केंद्रावरचा माणूस मान डोलावतो, वस्तू जमा करतो, पण देणगीची पावती फाडत नाही. पैसे एकीकडे, नोंद दुसरीकडे. त्या क्षणी त्यांच्याकडून डिपॉझिटच्या पावतीमागे दोन ओळी आणि सही घ्यायची, आणि देणगीची पावती घरच्यांच्या नावे द्यायची. दुःखात असलेल्या माणसाला कागद पुढे करणं अवघड जातं हे खरं, म्हणून केंद्रावर छापील चिठ्ठी तयार ठेवा, नुसती सही करायची.

वस्तू मोजताना नुसती गणती नको, चालवून बघा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पुढची छोटी चाकं आधी गंजतात. कॉटचं हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, अर्ध्यावर अडलं तर आटे गेलेत. एअर बेड एक रात्र फुगवून ठेवा, सकाळी मऊ पडला तर छिद्र आहे. गादीची शिवण उघडून वास घ्या, बुरशी आत असते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, हा वेगळा विषय. २०२१ च्या सुमारास देणगीतून आलेली यंत्रं अनेक ठिकाणी खोक्यात पडून आहेत. त्यांच्या आतलं झिओलाइट (नायट्रोजन अडवणारे दाणे) दमट हवेतली ओल शोषतं आणि न वापरता ठेवलेलं यंत्र चालू तर होतं, पण त्यातून येणाऱ्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नसतो. आवाज आला, बुडबुडे आले म्हणून पेशंटच्या घरी धाडू नका. तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्या. मोजलेली नसेल ते यंत्र 'बंद' म्हणून वेगळं ठेवा.

बाकीचं भराभर. पावतीपुस्तकं: छापली किती, वापरली किती, कोरी किती आणि कुणाकडे. मुंबईच्या सभासदांकडे गेलेलं प्रत्येक पुस्तक परत आल्याशिवाय नवं द्यायचं नाही. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती जागेवर हव्यात. ठेवपावत्या: मुदतीची तारीख, कुणाच्या स्मृत्यर्थ, व्याज कशासाठी. एखाद्याने आईच्या नावे शाळेतल्या बक्षिसासाठी ठेव दिली असेल तर ती मोडून रंगमंचाचे पत्रे घालता येत नाहीत. ठेव पतसंस्थेत असेल तर लेखापरीक्षकाला तातडीने दाखवा: बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही, आणि न्यासाचा पैसा कुठे गुंतवायचा यावर कायद्याची बंधनंही आहेत. जागा, इमारत असेल तर सातबारा किंवा घरपत्रक कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि विक्री-भाडेपट्ट्याचा विचार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय मनातही आणू नका.

मोजणी कशी मागायची, यावर बरंच अवलंबून असतं. 'तात्यानू, हिशेब दाखवा' हे वाक्य आरोपासारखं जातं. वीस वर्षं वही सांभाळलेल्या माणसाला ते लागतं आणि वही सापडेनाशी होते. 'तात्या, एक सकाळ द्या, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो' असं म्हणून त्यांच्या पडवीत जाऊन बसा. निम्म्या नोंदी वहीत नसतात, त्यांच्या डोक्यात असतात. त्या एका सकाळी दोन्ही मिळतात.

तपासणी: मोजणीचा कागद दोन प्रतींत करा, खाली देणारा आणि घेणारा यांच्या सह्या आणि तारीख. तूट असेल तर ती आहे तशी लिहा. 'पुढे बघू' म्हणून गिळलेली तूट ३१ मार्चनंतर नव्या खजिनदाराच्या नावावर पडते.

६. काय ठेवायचं, काय थांबवायचं (गणपतीनंतर)

आता निर्णय. एका वर्षात जास्तीत जास्त दोन उपक्रम थांबवा आणि एकच नवा घ्या, यापेक्षा अधिक मंडळाला झेपत नाही. चालू उपक्रमांपुढे तीन आकडे लिहा: खर्च, किती माणसांचे किती दिवस, आणि कुणाला उपयोग झाला. शेवटचा रकाना 'फोटो छान आले' एवढाच भरत असेल तर उपक्रम ओळखू येतो.

उदाहरण वृक्षारोपणाचं. जूनमध्ये पाचशे रोपं लावायला एक सकाळ लागते. त्यांतली किती जगली हे मेमध्ये कुणी बघत नाही. कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात, जानेवारीपासून पाणी नाही, आणि फेब्रुवारी-मार्चात वणवा. पाचशेऐवजी पन्नास लावा, प्रत्येकाला कुंपण, वणव्याआधी भोवतीचं गवत कापून मोकळा पट्टा, आणि मार्च ते मे आठवड्यातून दोनदा पाणी घालायला ठरलेली माणसं. हे जमत नसेल तर उपक्रम थांबवा.

तारीख बदलणं हाही बदलच, आणि त्याचे परिणाम आधी मोजावे लागतात. १५ ऑगस्टचं रक्तदान शिबिर तसंच ठेवून २ ऑक्टोबरला दुसरं जाहीर केलं तर रक्तदाते येणार नाहीत. येऊच शकत नाहीत: पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं, आणि मध्ये गेलेत अठ्ठेचाळीस दिवस. दुसरं शिबिर नोव्हेंबरच्या मध्यानंतर घ्या, महिला रक्तदात्यांसाठी डिसेंबरच्या मध्यानंतर. आणि आकड्याच्या मागे लागू नका. पूर्ण रक्ताची पिशवी पस्तीस दिवस टिकते. रक्तपेढीला त्या आठवड्यात किती लागणार ते विचारून तेवढंच घ्या.

बंद करायच्या उपक्रमाची वाच्यता सभेआधी तिघांशी करा: तो ज्यांनी सुरू केला, त्याला पैसे जे देतात, आणि ज्यांना तो मिळतो. सभेत थेट विषय आला तर कुणी विरोध करणार नाही, 'बघूया मगे' म्हणतील. नवख्या अध्यक्षाला तो होकार वाटतो. कोकणात 'बघूया' म्हणजे नाही, आणि खरी चर्चा सभेनंतर टपरीवर होते.

मंडळाच्या मूळ उद्देशांतच बदल करायचा असेल तर तो साध्या ठरावाने होत नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ प्रमाणे विशेष सभा, दहा दिवस आधी सर्वांना लेखी प्रस्ताव, तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तीन-पंचमांशांची मान्यता, एवढं लागतं. पहिल्याच वर्षी याच्या वाटेला जाऊ नका.

७. मुंबईकरांचा पैसा आणि आखातातला

गावचं मंडळ आणि मुंबई मंडळ यांचं भांडण वरवर मानापानाचं असतं, मुळात हिशोबाचं. मुंबई मंडळ वेगळं नोंदलेलं असेल तर त्यांच्याकडून येणारी रक्कम ही देणगी, तिची पावती गावच्या मंडळाने द्यायची. ते नोंदलेलं नसेल आणि गावच्याच पावतीपुस्तकावर परळ-लालबागला वर्गणी गोळा करत असतील, तर तो प्रत्येक रुपया गावच्या हिशोबात यायला हवा, तिकडे केलेल्या खर्चाच्या बिलांसकट. 'हॉलचं भाडं वजा जाता' अशी निव्वळ रक्कम घेऊ नका. पूर्ण जमा, मग पूर्ण खर्च.

देणगीदाराला करसवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, ती त्याला मिळत नाही. दुबई-कुवेतला असलेल्या गाववाल्यांबाबत एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याच्या) नोंदणीशिवाय घेता येत नाही. पैसे खात्यात आल्यावर हा शोध लागण्यापेक्षा क्यूआर पाठवण्याआधी विचारा.

८. एकच नवा उपक्रम (नोव्हेंबर-फेब्रुवारी)

पहिला नवा उपक्रम असा निवडा जो दोन-तीन रविवारांत दिसेल असा पुरा होतो. वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचा ओहळावरचा तात्पुरता बांध, हे चांगलं उदाहरण. ओहळाला पाणी आहे पण जोर ओसरलाय, असा काळ पकडायचा: कापणी उरकली की लगेच. डिसेंबरअखेर गेलात तर अडवायला पाणीच उरत नाही. पाच मीटर रुंदीच्या ओहळात मीटरभर उंचीला भरलेली दोनशेच्या आसपास पोती लागतात. सिमेंटची रिकामी पोती दिवाळीआधीच बांधकामांवरून गोळा करा, फाटकी बाजूला काढा. पोतं पाऊण भरून शिवायचं, ठासून भरलेलं फुटतं आणि नीट बसत नाही. विटांसारखे सांधे मोडून थर लावा, तळाला रुंद आणि वर निमुळते, आणि पाण्याच्या बाजूला माती व गवत ठासा. आधी जागेवाल्याची आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी.

कामाची वाटणी करताना वयाने नको, सवडीने करा. तरुण रविवारी येतात पण सोमवारी तहसीलमध्ये जायला त्यांना सवड नसते; निवृत्त गुरुजींना ती असते. प्रत्येक कामाला एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा आणि खर्चाची मर्यादा त्यांच्या हातात द्या, समजा तीन हजारांपर्यंत न विचारता. दर वेळी अध्यक्षाला फोन करावा लागला की दुसऱ्या महिन्यात जोडी विस्कटते.

९. मार्चअखेर ते मे

३१ मार्चला वही बंद. शिमगा नेमका याच सुमारास असतो, म्हणून बिलं २० मार्चपर्यंत मागून घ्या. हिशोब तपासून अहवाल सहा महिन्यांच्या आत जायला हवा. पण मेच्या सभेत निदान कच्चा ताळेबंद ठेवता आला पाहिजे, नाहीतर पुढची कार्यकारिणी पुन्हा आंधळेपणाने ताबा घेते.

पुढच्यांसाठी एकच पानाचा कागद करा. वर्षभरात काय केलं ते अहवालात असतंच, या पानावर फक्त अर्धवट राहिलेलं लिहा: बदल अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख, डिपॉझिटची उरलेली तूट, बाहेर असलेली पावतीपुस्तकं नावानिशी, बंद ठेवलेली यंत्रं, ज्या देणगीदाराला शब्द दिलाय तो शब्द. खाली कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते. मांगराची दुसरी किल्ली कुणाकडे, हेही.